हवापालट

बेडशाच्या जत्रेत कुस्त्या पुकारणारा माणूस तापानं आडवा पडला, म्हणून पंचांनी पत्र्याचा कर्णा हौशीराम घाऱ्यांच्या हातात दिला. हौशीराम तेव्हा विशीतला शेतकऱ्याचा पोरगा होता. त्यानं नुसती नावं पुकारली नाहीत. कुणी पट काढला, कोण कसा निसटला, हे तो अशा रंगात सांगत गेला, की मागं उभ्या असलेल्या आणि काहीच न दिसणाऱ्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मावळात कुठलाही सामना हौशीरामाशिवाय होईना. लोणावळ्याचा खो-खो असो, घाटातली सायकल शर्यत असो, तळ्यातलं पोहणं असो, त्याची जीभ कुठं अडखळली नाही. हॉकीचा सामना त्यानं जन्मात पाहिला नव्हता. दोन दिवस मैदानावर बसून नियम समजून घेतले आणि तिसऱ्या दिवशी ध्वनिक्षेपक हातात घेतला. पुढं पुण्याच्या रेडिओनं त्याला बोलावलं, आणि मुंबईत टेलिव्हिजन आला तेव्हा मुंबईनं.

टेलिव्हिजनवर मात्र पहिले काही महिने त्याचं बस्तान बसेना. टेलिव्हिजन केंद्राचे साहेब म्हणाले, "घारे, गडी चढाईला गेला हे लोकांना दिसतंच आहे. न दिसणारं काहीतरी सांगा. लोक हसले पाहिजेत."

हौशीरामानं ते मनावर घेतलं.

पंच्याहत्तर साली मुंबईत कबड्डीची मोठी स्पर्धा झाली. लोणावळ्याजवळच्या एका कारखान्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. त्या संघाचा चढाईचा गडी शिदू, वडिवळ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. त्याला पहिल्यांदा खेळताना पाहिलं ते हौशीरामानंच, कामशेतच्या मैदानावर. "ह्या पोराला संघात घ्या," असं कारखान्याच्या लोकांना सांगितलं होतं तेही त्यानंच. त्या खेळापायी शिदूला नोकरी लागली होती.

शेवटची चढाई शिदूची होती. गुण बरोबरीत. तो आत गेला, चढाई वैध ठरवणारी निदानरेषा ओलांडली, समोरच्या साखळीकडं एकदा बघितलं आणि कुणालाही हात न लावता परत फिरला. पकड झाली असती तर संघ तिथंच हरला असता. परतल्यामुळं जादा डाव मिळणार होता. हौशीरामाला हे लख्ख कळलं. पण त्याच क्षणी जिभेवर दुसरंच काहीतरी आलं, आणि ते फार चांगलं होतं.

"शिदू आले, बघितलं, परत निघाले!" तो म्हणाला. "लोणावळ्याकडची मंडळी ना! त्यांना वाटलं, आपण हवापालटाला आलोय!"

शेजारी बसलेले साहेब तोंडावर रुमाल धरून हसले. जादा डावात संघ एका गुणानं हरला. दुसऱ्या दिवसापासून हौशीराम जाईल तिथं लोक ते वाक्य म्हणून दाखवायला लागले. त्याला क्रिकेटचे सामने मिळाले, मग दिल्लीचं बोलावणं आलं.

वर्षभरानं तो गावाकडं आला. कामशेतला गाडीतून उतरून चहाला थांबला, तर हॉटेलवाला काम टाकून निघालेल्या पोऱ्याला ओरडला, "ए हवापालट, कुटं चाललास?" बाकड्यावरचे सगळे हसले. हॉटेलवाल्यानं कौतुकानं सांगितलं, "भाऊ, तुमचाच शब्द! हितं समदे वापरत्यात."

"आन शिदू कसाय?"

"खरा हवापालट व्हय? त्यानं खेळ सोडला. कारखान्यात चिडवायचे, तो एकाच्या अंगावर गेला. नोकरीबी गेली."

हौशीरामानं चहा तसाच ठेवला आणि वाडीची वाट धरली. चढताना त्याला ते वाक्य आठवत होतं. त्याहून जास्त आठवत होतं ते बोलताना झालेलं सुख.

शिदूची बायको गंगी अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं ओळखलं, पण सूप थांबवलं नाही.

"गंगी, माजं चुकलं," हौशीराम म्हणाला. "मी काय भरून देऊ शकत न्हाई. पर मला लय लागून राहिलंय."

"तुमी लय ग्वाड बोलता," ती म्हणाली. "म्हनून भ्या वाटतं."

शिदू आतून आला. त्यानं पाणी दिलं, समोर बसला आणि एकच गोष्ट विचारली. "भाऊ, तुमाला खेळ कळतो. मी परत फिरलो ते चुकलं व्हतं का?"

"न्हाई. बराबर व्हतं."

"तवाच कळलं व्हतं?"

हौशीरामाला मान वर करता आली नाही. "व्हय."

"मंग ते तितं सांगा, जितं दुसरं सांगितलं."

महिनाभरात तशी संधी आली. मुंबईच्या टेलिव्हिजनवर कबड्डीचाच सामना होता. मध्यंतरात हौशीराम सरळ शब्दांत बोलला: त्या दिवशी शिदूची चढाई अचूक होती, आपण हसण्यासाठी त्याची थट्टा केली, ती चूक होती. साहेब रागावले, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी पानवाला म्हणाला, "घारेसाहेब, काल परत हवापालटाचं काढलंत! आमची पोरं हसून हसून लोळली." ज्यांनी पहिला सामना पाहिलाच नव्हता, त्यांनाही आता ते नाव कळलं होतं.

तो पुन्हा वाडीवर गेला. शिदू बांधावर काम करत होता. हौशीराम काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "कळलं. कामशेतला लोकांनी सांगितलं. ते सांगताना बी हसत व्हते." त्यानं खोरं बाजूला ठेवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "भाऊ, आता एक करा. माजं नाव कदी घेऊ नका. चांगलं न्हाई, वाईट न्हाई."

"न्हाई घेणार," हौशीराम म्हणाला.

तो शब्द त्यानं पाळला. त्याच्या समालोचनातली थट्टा हळूहळू कमी झाली. साहेबांना ते रुचलं नाही, पण त्याच्याइतके खेळ जाणणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून काम मिळत राहिलं. काही वर्षांनी केंद्रावर कबड्डीवर एक खास कार्यक्रम झाला. दिव्यांच्या उजेडात हौशीरामाला समोर बसवून मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही सामने पाहिलेत. सगळ्यात चांगली चढाई कुणाची?"

हौशीरामाच्या डोळ्यांसमोर कामशेतचं मैदान आलं. धुळीत एक काटकुळा पोरगा तिघांना शिवून रेषेवर परत येत होता. उत्तर एकच होतं. 

पण त्यानं मुंबईच्या एका नामवंत खेळाडूचं नाव घेतलं आणि त्याच्याविषयी बराच वेळ बोलत राहिला. बोलणं चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.