गोधडीत राहिलेलं टोक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक सुई डोळ्यांपुढे आणा. कोणती आली? कोणाला दवाखान्यातली आली असेल, आणि त्यानं हात मागेही घेतला असेल. कोणाला स्वेटर विणायच्या दोन लांब सुया दिसल्या असतील. आपल्या भिलाईत तर काहींना घड्याळच दिसेल, कारण आपण ज्याला काटा म्हणतो त्याला शेजारची हिंदी बोलणारी मुलं सुई म्हणतात. फार जुन्या संस्कृत पुस्तकांत हिलाच सूची म्हटलं आहे.

सगळ्यांची उत्तरं बरोबर. पण आज आपल्याला साधी शिवायची सुई हवी आहे. तिच्या एका बाजूला टोक असतं, दुसऱ्या बाजूला दोरा ओवायचं भोक. त्या भोकाला नेढं म्हणतात. आता ही सुई मधोमध मोडली आहे असं समजा. नेढं तुमच्या हातात आहे. टोक कुठे गेलं ते फक्त तुम्हालाच माहीत आहे, आणि तुम्ही ते कोणाला सांगितलेलं नाही.

डोळे उघडा. अनुजाचं नेमकं असंच झालं होतं.

अनुजा पाचवीत होती. भिलाईतल्या हुडको वसाहतीत राहायची. तिचे बाबा, तेजराम, पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला होते आणि मोठा भाऊ शुभम आयटीआय करत होता. बाबांची मोठी बहीण बेबीताई त्यांच्याकडेच राहायची. अनुजा तिला आत्या म्हणायची. आत्याचा हात गोधडीवर फार छान बसलेला होता. बाबांच्या चुलतभावाची बायको, वंदनाकाकू, हिला गावातच, सुपेला भागात, मुलगी झाली होती. त्या बाळासाठी आत्या जुन्या मऊ साड्यांची छोटी गोधडी शिवत होती.

"आत्या, एक ओळ मी शिवू?" अनुजानं चार वेळा तरी विचारलं होतं.

"उद्या शिवजो."

"तू रोज उद्याच म्हणते."

"मंग रोज विचारू नको ना वं!" आत्या हसून म्हणायची, आणि सुई पुढे चालू.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गोधडी जवळजवळ पूर्ण झाली. फक्त एक कोपरा राहिला होता. आता उद्या आलं तरी शिवायला काही उरणार नव्हतं. आत्यानं सुई गोधडीत टोचून ठेवली आणि ती आरतीला गेली. आता विचारायचीही सोय नव्हती, कारण आत्याचा एक नियम होता. दिवा लागल्यावर सुई मागायची नाही, द्यायची नाही, हातातही धरायची नाही.

म्हणून अनुजानं न विचारताच ती घेतली.

तिला बाळासाठी एक ओळ शिवायची होती, एवढंच. पण कोपऱ्यावर कापड दुमडलेलं असतं, तिथं थर जास्त असतात. सुई अर्धी आत गेली आणि अडकली. बोटाला रुतू लागली, तेव्हा अनुजानं सुई फरशीवर टेकवून गोधडी वरून दाबली. बारीकसा "कट्" असा आवाज आला. नेढ्याकडचा तुकडा तिच्या हातात राहिला. टोक थरांच्या आत गेलं. तिनं चिमटीत धरायला पाहिलं, तर ते आणखी आत सरकलं.

बाहेर चपला वाजल्या. अनुजानं हातातला तुकडा कंपासपेटीत टाकला, डब्यातली दुसरी सुई काढून दोरा ओवला आणि गोधडीत पहिल्या जागी टोचून ठेवली.

सकाळी आत्या शिवायला बसली आणि पहिल्याच टाक्याला थांबली.

"ही माही सुई नोहे."

"सुईवर काय नाव लिवलं राहते, बेबीताई?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

"नाव नाई, पन बोटाले कळते. माही लांब होती." आत्यानं मान वळवली. "अनु, तू घेतली होती काय माही सुई?"

"नाई."

हे "नाई" कसं बाहेर पडलं ते अनुजालाच कळलं नाही. प्रश्न संपायच्या आत ते तोंडातून निघूनही गेलं होतं.

"मंग माह्याच हातून कुठं गेली." आत्यानं गोधडी मांडीवर घेतली आणि दोन्ही तळव्यांनी दाबत दाबत फिरवली. "ह्याच्यात तं नसन राहिली? बाळाची गोधडी हाय बाप्पा."

अख्खी सुई असती तर हाताला लागली असती. अर्धं टोक कोपऱ्याच्या घडीत आडवं पडलं होतं. ते लागलं नाही.

शुभम दारात बूट घालत होता. "आत्या, मैग्नेट फिरा दो ना. फुटक्या स्पीकरचा पडून आहे माझ्याकडे. प्लांटमधली क्रेन इतना बड़ा स्क्रॅप उचलते, तुझी सुई नाही उचलणार?"

"मले ते जमत नाई. अनु, तू फिरव. तुहे डोळे धड हायेत."

काळं, जड, बांगडीसारखं गोल चुंबक होतं. अनुजानं ते गोधडीच्या मधल्या भागावरून फिरवलं. काही नाही. पहिल्या कोपऱ्यावरून, दुसऱ्या, तिसऱ्या. ती मुद्दाम हळू फिरवत होती. शेवटच्या कोपऱ्यावर आली तेव्हा कापडाच्या आतून "टिक्" झालं. कोणी आतून नखानं धरावं तसं चुंबक जागीच थांबलं.

आत्या नव्या सुईत दोरा ओवत होती. वर न बघता तिनं विचारलं, "लागलं काई?"

मुलांनो, इथं जरा थांबू या. मघाचं "नाई" नकळत निघालं होतं. हा प्रश्न मात्र आरामात आला. आत्या वाट बघत होती, चुंबक अनुजाच्या हातात होतं आणि त्याच्या खाली टोक. खरं सांगायला याहून सोपी वेळ कोणाला मिळते? पण टोक सापडलं की ते मोडकं का, हे विचारलं जाणार. मग दुसरी सुई कोणी ओवून ठेवली, हेही निघणार. शाळेतून आल्यावर आपण गुपचूप कोपरा उसवू आणि काढून टाकू, असं अनुजानं मनाशी ठरवलं. जोर लावून तिनं चुंबक उचललं.

"नाई, काईच नाई."

"मंग केरात गेली असन." आत्यानं राहिलेला कोपरा शिवायला घेतला. टाके घालता घालता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "डोळे गेले माहे आता. ध्यानही राहत नाई. ही शेवटची. लेकराबाळाचं यापुढं काई शिवाचं नाई."

शाळेत त्या दिवशी बाईंनी भूमितीचं काहीतरी काढायला सांगितलं. अनुजानं कंपासपेटी उघडली आणि लगेच मिटली. शेजारच्या मुलीनं पट्टी मागितली, तर ती म्हणाली, "नहीं है."

शनिवारची अर्धी शाळा होती. दप्तर टाकून ती सरळ आत्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं दोरे होते, कैची होती. गोधडी नव्हती.

"वंदनाची सासू येऊन घेऊन गेली," आत्या म्हणाली. "उद्या बारसं हाय, पाळणा सजवाचा हाय म्हने. तुह्या तोंडाले काय झालं वं? भूक लागली काय?"

"नाई."

आता ते टोक सुपेल्यात होतं. संध्याकाळी अनुजा आईजवळ जाऊन उभी राहिली. "आई." "काय वं?" "काई नाई." बाबा ड्यूटीवरून आले, चहा पीत बसले. त्यांच्याजवळही ती उभी राहिली. बाबांनी बिस्किट दिलं. ते तिनं खाल्लं, आणि खाल्ल्याचंही तिला वाईट वाटलं. कोपऱ्यात आहे ना, बाळ तर मधे झोपतं, असं ती स्वतःला सांगत होती. मग तिला आठवलं की बाळं झोपेत पाय झाडतात.

रविवारी सगळे सुपेल्याला गेले. बाजारामागे एका दुकानावर वंदनाकाकूंचं घर होतं. खोलीत बायकांची दाटी. मधे झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, आणि पाळण्यात ती गोधडी. पुढे जाऊन अनुजानं पाहिलं. तो कोपरा उशाकडे आला होता.

"टाके पाहा वं, जशी मुंग्यायची ओळ!" कोणीतरी म्हणालं.

"कायचे टाके," आत्या म्हणाली. "शिवता शिवता सुईच हरवून बसली. म्हातारी झाली मी आता."

"म्हातारी झाली तरी सुटका नाई तुही," वंदनाकाकूंच्या सासूनं टोला दिला. "आत्या हायस बाळाची. नाव ठेवजो आन् पाठीत बुक्क्या खाजो!"

बायका हसल्या. एकीनं हात चोळून दाखवले. "मी तं सकाळपासून जेवून तयार हाय!"

आत्याही हसली. पण अनुजानं पाहिलं, की हसता हसता तिनं गोधडीवरून पुन्हा एकदा तळवा फिरवला.

रीतीप्रमाणं आधी वरवंटा आला. त्याला टोपरं घातलं होतं, कुंकू लावलं होतं. बाळासारखाच सांभाळत बायकांनी तो पाळण्याखालून या हातातून त्या हातात दिला आणि गोधडीवर ठेवला. कोणी गाणं धरलं, कोणी हळू हळू झोका दिला. वरवंटा दगडाचा. त्याला टोचलं तरी तो काय बोलणार!

मग वंदनाकाकूंनी बाळ उचललं. ते जागं होतं. दुपट्यातून एक पाय बाहेर आला होता, टाच लालसर होती. बाळ एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, पाळण्याखालून पलीकडे गेलं. पलीकडे आत्या हात पुढे करून उभी होती. तिनं बाळ घेतलं, त्याच्या डोक्याखाली तळवा धरला आणि पाळण्याकडे वाकली.

अनुजानं पाळण्याची दोरी धरली. झोका थांबला.

"आत्या, ठेवू नको तिले."

"काहून वं?"

"अवं, काय बोलते ही पोट्टी, चांगल्या कामात!" वंदनाकाकूंची सासू ओरडली. "तेजराम, घे तिले बाजूले!"

दारातून बाबा पुढे आले. अनुजानं दोरी सोडली नाही. दुसऱ्या हातानं तिनं गोधडी ओढली. वरवंटा घरंगळून पाळण्याच्या फळीवर आदळला. गाणं बंद पडलं. गोधडी छातीशी धरून अनुजा तो कोपरा चाचपू लागली. इथं नाही, इथं नाही. मग बोटाला कचकन टोचलं आणि कापडावर रक्ताचा ठिपका आला. तिनं बोट काढलं नाही.

"इथं हाय," ती म्हणाली. "तुह्या सुईचं टोक. मीच घेतली होती, मीच मोडली. कालही चुंबक इथंच लागलं होतं, तरी मी नाई म्हटलं. तुहे डोळे चांगले हायेत, आत्या."

आत्या बाळाला तसंच धरून उभी होती.

अनुजा फरशीवर बसली. टोक पुन्हा आत सरकू नये म्हणून तिनं कोपरा चिमटीत घट्ट धरला. मग सगळ्यांसमोर, नखानं, आत्याचा एकेक टाका ती उसवू लागली.