एक दिवासुद्धा नाही

"तिलाही पेढा दिलास?" ओना आजीने चमचा कपात आपटला.

उत्तरा तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत राहिली. श्रूजबरी गावातल्या या म्हाताऱ्यांच्या अपार्टमेंट्समध्ये ती रोज नर्स म्हणून यायची. आज तर दणदणीत बातमी होती. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया या तीन चिमुकल्या देशांनी रशियाच्या विजेच्या ग्रिडमधून आपल्या तारा कायमच्या सोडवून घेतल्या होत्या. ओना आजी लिथुआनियाची. चांगली बातमी म्हणजे पेढे, आणि पेढे म्हणजे शेजारीपाजारी सगळ्यांना. उत्तराच्या हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं. शेजारची गालीना रशियाची, हे डबा पुढे केल्यावर लक्षात आलं.

"सॉरी आजी. पण त्या काँग्रॅच्युलेशन्स म्हणाल्या."

"म्हणेल नाही तर काय. तिचं काय गेलं? नव्वद साली या रशियनांनी आमचं तेल तोडलं. घरात गरम पाणी नाही. माझी आजारी आई ओव्हरकोट घालून झोपायची, तशीच गेली. सांग, आज तिकडे रशियात अंधार झाला का?"

खोटं बोलावं असं उत्तराला फार वाटलं. "नाही आजी. त्यांची स्वतःची वीज आहे."

"एक दिवासुद्धा गेला नाही?"

"एक दिवासुद्धा नाही."

आजी उठली. मग वॉकर खडखडवत खिडकीशी गेली. गालीनाच्या अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं होतं, ते गोठू नये म्हणून त्यात छोटा हीटर. तिच्याकडे बाहेर सॉकेट नाही, म्हणून वायर कित्येक हिवाळे आजीच्या खिडकीतून आत यायची. आजीने प्लग उपटला.

"पक्ष्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"माझ्या आईने कोणाचं मारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी ते तिन्ही देश युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. आजीने बातमी विचारलीच नाही. ती खिडकीशी बसली होती. बाहेर गालीना केटली घेऊन आली, भांड्यातल्या बर्फावर गरम पाणी ओतलं, इकडे न बघता आत गेली.

"सकाळपासून हेच चाललंय," आजी म्हणाली. "एकदा बेल वाजवून भांडली असती तरी चाललं असतं."

"प्लग लावू परत?"

"नको."

थोड्या वेळाने गालीना पुन्हा आली. तिचा पाय सटकला, अर्धं पाणी सांडलं. ओना आजीचे हात वॉकरवर घट्ट आवळले. ती उठली मात्र नाही. गालीनाने कठडा धरला, तोल सावरला, आणि उरलेलं पाणी भांड्यात ओतलं.