हळदीच्या दिवशीची पाहणी

"रंगीत टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल, दोन एकर जमीन. बाई, एवढं असल्यावर तुमचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत कसं येणार?" मी फाईल फिरवून पार्वतीबाईंसमोर धरली.

पंचायत समितीत त्यांचा हा सहावा खेटा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी लोकांना गमतीने सांगतो. पार्वतीबाईंना ते सांगायची सोय नव्हती. त्यांचा नवरा काळूराम काल्हेरच्या गोदामात गोण्या उतरवायचा. आता त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. जीवनदायी योजनेतून ऑपरेशन फुकट होणार होतं, पण त्यासाठी यादीत नाव हवं. डॉक्टरांनी दिवाळीच्या आत करा म्हणून बजावलं होतं आणि गणपती उठून गेले होते.

"कुठं हाय फ्रिज? चला, दाखवा मना," त्या म्हणाल्या. "बरफ काढून तुमालाच सरबत पाजते."

"इथे लिहिलंय."

"कोनी लिवलं?"

मी खालची सही पाहिली. माझीच होती.

मग सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी पाहणीसाठी दापोड्यात गेलो, त्या दिवशी यांच्या लेकीची, करिष्माची हळद होती. दारात मांडव, बेंजो वाजतोय, भावकीने मुलीला दिलेला टीव्ही आणि फ्रिज खोक्यासकट मांडवात मांडलेला. मी फॉर्म काढून काळूरामला विचारत गेलो आणि त्याची आई, काशीआजी, उंबऱ्यात बसून त्याच्याकडे डोळे वटारत राहिली. हळद लागलेल्या घरात 'न्हाय' म्हणायचं नसतं. मीठ संपलं तरी 'हाय' म्हणायचं आणि मागच्या दाराने शेजारून आणायचं. टीव्ही? हाय. मोटारसायकल? हाय. ती कुणा पाहुण्याची उभी होती. जमीन? हाय. ती चुलत्यांनी कधीच विकलेली. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, असा तो प्रकार. आणि मी, श्रीनाथ कारकून, शिकलासवरलेला माणूस, प्रत्येक रकान्यात 'आहे' लिहून, वर मटणाचं ताट चापून आलो. संध्याकाळपर्यंत चाळीस घरं उरकायची होती ना.

चूक माझी होती. पण कचेरीत चूक कबूल करायचाही अर्ज करावा लागतो. पार्वतीबाईंचा अर्ज मीच लिहिला, मीच पुढे सरकवला, आणि महिनाभर साहेबांच्या मागे लागून फेरपाहणीची तारीख घेतली.

आदल्या दिवशी त्यांना बजावलं, "जे नाही ते नाही म्हणा. आणि कृपा करून पाहुणचार करू नका. चहाचा ट्रे आला की आमचे साहेब नाव खोडतात. दोनदा पाहिलंय मी."

"मी पाजीन का चा?" त्या फणकारल्या. "आमच्या मालकांना सांगा. आबरू चुलीत घाला म्हनून कवाची सांगते."

दुसऱ्या दिवशी काळूराम खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. काशीआजी जाऊन चार वर्षं झाली होती. पार्वतीबाई चुलीकडे पाठ करून, दार अडवल्यासारख्या उभ्या.

"टीव्ही?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय."

"जमीन?"

"न्हाय."

"मोठ्याने सांगा."

"न्हाय, साहेब."

प्रत्येक उत्तराला त्याची मान थोडी खाली जात होती. तेरा प्रश्न होते. मला वाटलं, सात-आठावर थांबवावं, बाकीचं मीच भरावं. साहेबांनी सगळे विचारले, सही केली आणि म्हणाले, "येईल नाव."

गल्लीत कंटेनर अडकलेला, म्हणून जीप नाक्यावर होती. साहेब पुढे जाऊन जीपमध्ये बसले. तेवढ्यात मागून पार्वतीबाईंचा आवाज आला, "आवं, मरायचं हाय का तुमाला?"

काळूराम येत होता. हातात कपबशी, निम्मा चहा बशीत सांडलेला. चार पावलं टाकायचा, भिंतीला धरायचा, पुन्हा चार पावलं.

"काळूरामदादा, कशाला हे?" मला खरोखर राग आला. "सही झालीये. साहेबांनी पाहिलं तर?"

त्याला बोलता येत नव्हतं. कप पुढे धरून धापेतून कसाबसा म्हणाला, "आमच्या दारातनं... कोन असा गेला न्हाय."

मी जीपकडे पाठ केली आणि चहा एका दमात घशाखाली ओतला. जीभ पोळली.

"साहेबांना?" त्याने विचारलं.

"साहेब चहा घेत नाहीत."

त्याने मान हलवली. रिकामी कपबशी घेऊन तो गटाराच्या कठड्यावर बसला, छातीवर हात ठेवून. पार्वतीबाई आल्या. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घातली.  पण त्या त्याच्या हातातली कपबशी काढून घेऊन पदराने त्याला वारा घालत उभ्या राहिल्या.