मुक्या एर्मेसची बचावफळी

सोळा वर्षं एर्मेस तोफोली फुटबॉलच्या मैदानात जवळजवळ बोललाच नाही. नुसत्या हाताच्या खुणेने तो बचावफळी पुढेमागे सरकवायचा आणि समोरचा आघाडीवीर हात हलवत परत जायचा. चार हंगाम तर तो देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळला. मग गुडघ्याने दगा दिला. पुढे वाल्मोराने, त्याच्या गावानेच, त्याला संघाचा प्रशिक्षक नेमलं. आता आपल्यावर कोण गोल करतंय, असं गावाला वाटलं.

पहिल्या पाच सामन्यांत त्यांनी चौदा गोल खाल्ले.

ज्यांच्या खुर्च्यांच्या कारखान्यावर संघ चालत होता, ते अध्यक्ष ओदोरिको बारमध्ये त्याच्याशेजारी येऊन बसले.

"एर्मेस, तुला खेळ कळतो, याबद्दल वाद नाही. पण पोरांना कधी काही सांगतोस का?"

"सांगतो की."

"काय सांगतोस?"

एर्मेसने खांदे उडवले.

"हा रविवार बघतो," ओदोरिको उठत म्हणाले. "मग माझाही नाइलाज आहे."

घरी त्याची बायको नीवेस मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मला मागणी घातलीस तेव्हाही निम्मं वाक्य मीच पुरं केलं. तिथे कोण करणार?"

"मला ते शब्दांत सांगता येत नाही गं. पायांना कळतं."

"मग त्यांच्या पायांनाच सांग."

तो सज्जात गेला आणि कपड्यांची दोरी सोडू लागला.

"अरे, आणि माझे कपडे?"

"खुर्च्यांवर वाळत घाल. या गावात खुर्च्यांना काय तोटा आहे?"

दुसऱ्या दिवशी सरावात त्याने चारही बचावपटूंच्या कमरेला ती दोरी बांधली, मधे मोजकं अंतर ठेवून.

"मिस्टर, बकऱ्या बाजाराला निघाल्या का?" गोलरक्षक तूल्यो ओरडला. प्रशिक्षकाला सगळे मिस्टरच म्हणायचे.

कर्णधार देनिस मात्र भडकला. "चौतिसाव्या वर्षी मी दावणीला बांधून घेऊ?"

एर्मेसने एकाला सोडवलं, त्याच्या जागी स्वतःला बांधलं आणि देनिसच्या शेजारी उभा राहिला. "माझ्याबरोबर सरक."

पहिल्याच धावेत चौघंही चिखलात आडवे झाले. देनिसला हसू आवरेना. गुडघा चोळत एर्मेस उठला आणि पुन्हा जागेवर गेला. तिसऱ्या दिवशी चौघं एकत्र सरकू लागले, दोरीला हिसका बसेना. आणि पळता पळता एर्मेसच्या तोंडून शब्द निघू लागले. "डावीकडे! थांब. आता वर!"

रविवारी गाठ पहिल्या क्रमांकाच्या संघाशी होती. ऐंशी मिनिटं झाली, तरी गोल नाही. मग दमलेली बचावफळी घाबरून मागे मागे सरकू लागली.

"वर या! सगळे वर!" एर्मेस रेषेबाहेरून ओरडला.

अख्खी गॅलरी वळून बघू लागली. चौघं एकदम पुढे आले, मागे प्रतिस्पर्धी आघाडीवीर एकटाच उरला. त्याने चेंडू जाळ्यात मारला खरा, पण रेषेवरच्या पंचाचं निशाण केव्हाच वर गेलं होतं. ऑफसाइड!

सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. वाल्मोराचा हा पहिला गुण. ओदोरिकोंनी नाइलाजाचा विषय पुन्हा काढला नाही आणि हंगामाअखेर संघ अकराव्या जागेवर राहून लीगमध्ये तरला.

मे महिन्यात देनिसने बूट कायमचे काढून ठेवायचं ठरवलं, तेव्हा एर्मेस त्याच्या घरी गेला.

"माझा साहाय्यक होशील?"

"मी काय करायचं, मिस्टर?"

"बोलायचं. पहिला अर्धा तास तू, पळून माझं तोंड उघडलं की मग मी."