एका बाजूचा खटका

दादाचा डावा खांदा आखडला आणि त्याचं हेल्मेट डोक्याऐवजी मोटरसायकलच्या हँडलला लटकू लागलं.

हेल्मेट घालायला दोन हात लागतात. दोन्हीकडचे पट्टे धरून कवच फाकवायचं आणि डोकं आत कोंबायचं. दादाचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. एकाच हाताने ओढायला गेला की कान दुमडायचा, चष्मा गालात रुतायचा, आणि खांद्यातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्यात त्याचं काम असं की दिवसभर चढ-उतर. गावभरच्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, बर्फाच्या निळ्या पेटीत ठेवायचे आणि लॅबमध्ये पोचवायचे. प्रत्येक दारात हेल्मेट काढा, परत घाला. शेवटी त्याने घालणंच सोडलं.

"डोकं फुटलं म्हणजे?" वहिनी विचारायची.

"फुटायला आत काहीतरी असावं लागतं," असं म्हणून दादा हसायचा. वहिनी हसायची नाही.

दादाची धाकटी बहीण त्यांच्याबरोबरच राहायची. घरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे, ती धाकटीच. कामाला होती हेल्मेटच्या कारखान्यात, आराखडे करायला. ज्या घरात हेल्मेटचा आराखडा करणारी राहते त्याच घरातला माणूस उघड्या डोक्याने रस्त्यावर जातो, हे तिला रोज सकाळी टोचायचं. दादा जिना उतरायला लागला की ती हातातलं काम थांबवायची. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तरी ती कान देऊन उभी राहायची.

त्यातूनच तिला ते सुचलं. हेल्मेट डोक्यावरून खाली ओढायचंच कशाला? मागचा भाग पेटीच्या झाकणासारखा वर उघडला तर? मग हेल्मेट समोरून चेहऱ्यावर टेकवायचं आणि मागचं झाकण एका हाताने खाली घ्यायचं. मानेच्या दोन्ही बाजूंचे खटके आपोआप बसतील. टक. ना कान दुमडणार, ना चष्मा काढावा लागणार. काढताना हनुवटीखालचं एक बटण दाबलं की दोन्ही खटके सुटतील.

कारखान्याच्या साहेबांना कल्पना एकदम पसंत पडली. काही नमुने तयार झाले आणि ते आपटेकाकांच्या हवाली झाले. काकांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण हेल्मेटं उंचावरून आपटून बघणं हेच त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना आपटेकाका म्हणत. काकांनी नवी कोरी हेल्मेटं पुढून, मागून, कडेने आपटली. एकही उघडलं नाही.

"टिकाऊपणाची चाचणी राहिली आहे," काका म्हणाले. "यंत्राला लावतो. उघड-मीट, उघड-मीट. वेळ लागेल हं, मॅडम."

चाचण्या संपेपर्यंत एकही नमुना बाहेर जाता कामा नये, असा नियम होता. धाकटीने त्याच संध्याकाळी एक हेल्मेट पिशवीत घातलं आणि घरी आणलं. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं तिने स्वतःला समजावलं. आणि ते खोटंही नव्हतं.

दादाने ते एका हाताने घातलं, 'टक' ऐकलं आणि लहान मुलासारखा हरखला. काढलं, घातलं, काढलं, घातलं. "धाकटे, तू तर कमालच केलीस!" दुसऱ्या दिवशी तो ते घालून कामावर गेला. वहिनी खिडकीत उभी होती. ती वळली आणि धाकटीच्या पाठीवरून तिने हात फिरवला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच धाकटी गाडीच्या आवाजाला कान न देता कामाला लागली.

काही आठवडे असे सुखात गेले. मग एका दुपारी आपटेकाकांचा फोन आला. "मॅडम, जरा खाली या."

काकांचा आवाज नेहमीसारखाच होता, तरी ती जिना धावत उतरली.

चाचणीच्या खोलीत यंत्र बंद होतं. आठवडे उघड-मीट करून झालेलं हेल्मेट काकांनी लोखंडी डोक्यावर चढवून मागच्या अंगाने आपटलं होतं. ते खाली जाळीवर पडलं होतं. झाकण वर उघडलेलं, आणि आतलं लोखंडी डोकं मागून संपूर्ण उघडं. पुढची काच मात्र शाबूत, लखलखीत.

"नवं असताना असं झालं नव्हतं," ती म्हणाली.

"नवं असताना नव्हतं झालं. हे बघा." काकांनी चिमट्याने खटक्याची जीभ दाखवली. प्लॅस्टिकची ती जीभ मुळात काटकोनात होती. आता तिची धार झिजून साबणाच्या उरलेल्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. "बसल्यावर 'टक' वाजतं. हाताने ओढून बघितलं तर उघडत नाही. पण दणका बसला की सटकते. वापरणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही."

धाकटीला त्यांचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. दादा दिवसातून किती वेळा उघड-मीट करतो, याचा हिशेब तिच्या डोक्यात सुरू झाला आणि तो तिने पुरा होऊ दिला नाही. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना दादा फोन उचलत नसे. हा चांगला नियमही तिनेच त्याच्या गळी उतरवला होता.

ती स्कूटर काढून निघाली. स्वतःचं जुनं हेल्मेट तिने घाईत ओढलं होतं; पट्टा लावायचा राहूनच गेला.

दादाचा दुपारचा रस्ता तिला पाठ होता. पहिल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, "आत्ताच गेले की. चुकामूक झाली तुमची."

दुसऱ्या दवाखान्यात काउंटरवरची बाई तिला बघून खुलली. "तुम्हीच का त्यांची बहीण? अहो, काय ते हेल्मेट! आम्ही सगळ्यांनी घालून बघितलं. पेशंटसुद्धा घालून बघतात. रोज आले की आधी तोच खेळ, टक-टक, टक-टक!"

धाकटी काउंटरला टेकली. "किती वेळ झाला जाऊन?"

"झाला थोडा. का हो? बरं नाही का वाटत तुम्हाला? पाणी देऊ?"

ती पाणी न घेताच निघाली. तिसऱ्या दवाखान्यात डॉक्टर स्वतःच दारात उभे होते. "अजून आले नाहीत," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "कधी उशीर करत नाहीत खरं तर."

दुसऱ्या आणि तिसऱ्या दवाखान्यांच्या मध्ये दोन रस्ते होते. ती आली होती मधल्या गल्लीने; दादा मोठ्या रस्त्याने येणार. तिने स्कूटर वळवली. मोठ्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. हॉर्न वाजत होते, माणसं गाड्यांतून माना काढून पुढे बघत होती. तिने स्कूटर पदपथाला टेकवली आणि पळत सुटली. पळताना मनात एकच जप चालला होता: दुसऱ्या कोणाचं तरी असू दे, दुसऱ्या कोणाचं तरी असू दे. कोणाच्या तरी भावाचं वाईट आपण चिंततो आहोत, हे तिला कळत होतं, पण जप थांबत नव्हता.

आधी निळी पेटी दिसली. ती फुटली होती आणि बर्फ रस्त्यावर पसरला होता. मोटरसायकल आडवी पडली होती. जवळच एक गाडी, तिचं दार उघडं आणि मुडपलेलं. दादा कुठेच नव्हता.

दुभाजकाच्या कडेला हेल्मेट पडलं होतं. झाकण वर उघडलेलं.

ती तिथेच मटकन खाली बसली. समोरच्या पंक्चरवाल्याने तिला दंडाला धरून उठवलं. "तुमचं माणूस का? रुग्णवाहिका घेऊन गेली. गाडीवाल्याने बघितलं नाही न् दार उघडलं. हे उडाले ते पाठीवर पडले."

"पाठीवर? डोकं? डोकं आपटलं?"

"आपटलंच की."

"हेल्मेट कोणी काढलं? का आपोआप…"

"ते नाही बघितलं, ताई. गर्दी झाली ना लगेच."

तिने हेल्मेट उचलून छातीशी धरलं. खटके बघायची तिची हिंमत झाली नाही.

पंक्चरवाल्याने सांगितलेल्या इस्पितळात वहिनी आधीच पोचली होती; तिला तिथूनच फोन गेला होता. एका बंद दारासमोरच्या बाकावर ती ताठ बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. धाकटीला बघताच तिने विचारलं, "हेल्मेट होतं ना डोक्यात?"

"होतं."

"तू दिलेलंच ना?"

"हो."

"मग काही होणार नाही," वहिनी म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बघू लागली.

ते हेल्मेट धाकटीच्या हातात होतं आणि तिला ते निखारा धरल्यासारखं वाटत होतं. सांगावं का आता? दार उघडण्याआधी सांगावं की नंतर? आतून काय बातमी येते त्यावर सांगायचं की नाही ते ठरवणार आहोत का आपण? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना चिरा होत्या. डोक्याला मार होता, पण आत रक्तस्राव दिसत नव्हता. एक दिवस नजरेखाली ठेवायचं. दादा शुद्धीवर होता, मात्र पडल्याचं काहीच आठवत नव्हतं.

वहिनीने पर्समध्ये तोंड खुपसलं आणि ती रडू लागली. धाकटीला रडू येईना. तिने रुग्णवाहिकेबरोबर गेलेल्या परिचारिकेला शोधून काढलं. ती हात धूत होती.

"हे मागचं झाकण तुम्ही उघडलंत?"

"मीच उघडलं," ती म्हणाली. "बटण दिसलं, दाबलं. फार चांगलं आहे हो हे. एरवी एकीने मान धरायची, दुसरीने हेल्मेट खेचायचं, आणि मानेला काही झालं असलं म्हणजे संपलंच." मग ती थबकली. "पण एक सांगू का? एका बाजूचा खटका आधीच सुटलेला होता. दुसरी बाजू तेवढी धरून होती."

धाकटीने तेव्हा पहिल्यांदा खटके नीट पाहिले. डावी जीभ गुळगुळीत होती. उजवीची धार थोडी शिल्लक होती. तेवढ्या थोड्या धारेवर दादा जिवंत होता.

ती बाकाकडे परतली. वहिनीने डोळे पुसले होते. धाकटीने सगळं सांगितलं: पिशवीतून आणलेला नमुना, अपुरी चाचणी, दुपारचा फोन, सुटलेला खटका. वहिनी ऐकत राहिली.

"तू नसतंस दिलं तर तो उघड्या डोक्याने गेला असता," वहिनी म्हणाली. "ते मला कळतं. पण मी रोज खिडकीतून निर्धास्त बघत होते, धाकटे. मला निदान घाबरू तरी द्यायचं होतंस."

धाकटीने हेल्मेट बाकाखाली सरकवलं आणि ती तिच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना अपघाताचं कुठून तरी कळलंच. ते खूश होते. "अहो, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? आराखडा करणारीचा सख्खा भाऊ वाचला!" तिने आपटेकाकांकडची झिजलेली जीभ आणि दादाच्या हेल्मेटची जीभ त्यांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. नोकरी जाईल असंच धरून ती आली होती. कोणाला न विचारता नमुना बाहेर नेल्याचंही तिने स्वतःच सांगितलं. साहेब तावातावाने बोलले, मग दोन्ही जिभांवरून त्यांनी बोट फिरवून पाहिलं. नियम मोडल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. पण हेल्मेट बाजारात नेण्याची तारीख रद्द झाली.

पुढे खटक्याची जीभ पोलादाची झाली. स्प्रिंग अधिक ताठ घ्यावी लागली, त्यामुळे झाकण बसवताना थोडा जोर लागू लागला. खटका पुरता बसला नसला तर मानेपाशी लाल पट्टी दिसावी, अशी सोय तिने केली. आपटेकाकांनी यंत्र पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस चालवलं आणि मगच हेल्मेटं आपटली. प्रत्येक वेळी धाकटी डोळे मिटून घ्यायची. काका म्हणायचे, "उघडा मॅडम. डोळे म्हणतोय मी, हेल्मेट नाही."

दादाचं हाड जुळलं. एका सकाळी धाकटीने नवं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. "चाचण्या संपल्या आहेत," ती म्हणाली. त्याने ते एका हाताने घातलं. तिने त्याच्या मागे जाऊन पट्टी बघितली. लाल दिसत नव्हतं.

तो खाली उतरला, गाडीवर बसला आणि बसूनच राहिला. मग हेल्मेट काढलं. पुन्हा घातलं. किल्ली फिरवेना. धाकटी जवळ गेली तेव्हा काचेआड त्याच्या कपाळावर घाम दिसला.

"कुठे टोचतंय का? घट्ट आहे?"

"नाही गं. एकदम छान आहे." त्याचा आवाज आतून दबका आला. "रस्त्याकडे बघवत नाही. उभी गाडी दिसली की वाटतं, दार उघडणार."

दादा घाबरलेला धाकटीने जन्मात पाहिला नव्हता. त्यावर कुठला आराखडा करायचा, ते तिला माहीत नव्हतं.

वहिनी जिना उतरून आली. तिने धाकटीने आणलेलं दुसरं नवं हेल्मेट मागून घेतलं, घातलं, मान वळवून धाकटीला पट्टी दाखवली आणि दादाच्या मागे बसली.

"लांब नाही जायचं," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यापर्यंत. मलाही भीती वाटते आहे, तेव्हा हळू चालव."

दादाने किल्ली फिरवली. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघाली. धाकटी फाटकाला धरून उभी राहिली आणि आवाज ऐकत राहिली. कोपऱ्यावर तो मंदावला, बंद पडल्यासारखा झाला, आणि मग वळून पुन्हा जवळ येऊ लागला.