वापरायले तयार

“टोपल्या सारवाच्या रायल्या, आज सारवून टाकतो,” एवढाच निरोप पुनमनं सकाळी पाठवला आणि चंद्रपुरात चहा घेत बसलेली नीलिमा ताडकन उठली.

सारवायच्या म्हणजे शेणानं! परदेशात विकायला नीलिमानं मागवलेल्या बांबूच्या साठ टोपल्या पुनमच्या सासूनं, बायनाबाईनं विणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून हॉलंडला जायच्या होत्या. तिकडे मालावर मातीचा डाग दिसला तरी अख्खा माल जाळतात. मागच्या वर्षी एक खेप अशीच जळाली, तेव्हा तिथून माल मागवणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं होतं, पुन्हा असं झालं तर आपला संबंध संपला.

आणि चूक कोणाची? नीलिमाचीच. आठवड्यापूर्वी फोनवर तिनंच बजावलं होतं, “टोपल्या एकदम वापरायले तयार पायजे.” आता एटापल्लीच्या पुढे बायनाबाईच्या गावात वापरायला तयार टोपली म्हणजे सारवलेली टोपली, नाहीतर दाणे फटीतून गळतात. चंद्रपुरात जन्म गेला, पण हे काही बाईच्या डोक्यात आलं नाही.

पुनमचा फोन लागेना. नीलिमानं हेमराजचा टेम्पो काढायला लावला आणि स्वतः पुढे बसली. अहेरीच्या पुढे सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची रांग लागली, तसा तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“बाई, शिव्या देऊन ट्रक हटत नाई,” हेमराज म्हणाला. “पानी प्या.”

दुपारी तिनं बायनाबाईच्या अंगणात पाय ठेवला. समोर ओळीनं टोपल्या वाळत होत्या, शेणानं छान सारवलेल्या.

“बायनाबाई, काय केलं वं हे!”

हात पुसत बायनाबाई बाहेर आली. “काय केलं? नवीन धान येऊन राह्यलं, तुमचं काम झालं म्हनून आज आमच्या टोपल्या सारवल्या, तेच पुनमनं कळवलं. तुमच्या आत हायत.”

आत साठही टोपल्या कोऱ्या करकरीत. नीलिमाचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच भुईवर बसली आणि चक्क रडली.

“तुमच्या काऊन सारवू?” बायनाबाईला काही उमजेना. “ज्या घरचं धान, त्या घरच्या बाईनं सारवाची असते. मी फक्त सामान देल्लं. तिच्याकडे गाय नसन तर?”

नीलिमानं टोपलीत डोकावून पाहिलं. तळाशी पळसाच्या पानात घट्ट बांधलेली वाळक्या शेणाची पुडी होती. प्रत्येक टोपलीत एक! रडता रडता तिला असं हसू फुटलं की हेमराज पळत आत आला. मग सगळ्यांनी मिळून पुड्या काढल्या, टोपल्या उलट्या करून झटकल्या, उन्हात धरून पाहिल्या. कुठं डाग नव्हता.

“शेण चालत नाई तिकडे,” नीलिमा म्हणाली. “आन त्या लोकाइले धान नाई ठेवाचं. धुवाचे कपडे ठेवतात टोपलीत.”

बायनाबाई तिच्याकडे बघतच राहिली. “दोन वर्स झाले. मले आता सांगता?”

भाव चोख देतो, ग्रामसभा म्हणेल तेवढाच बांबू तोडतो, टोपलीला कारागिराच्या नावाची चिठ्ठी लावतो, हे नीलिमा हॉलंडच्या बाईंना दर पत्रात अभिमानानं लिहायची. पण विणणारीला, तुझी टोपली कशासाठी जाते, हे कधी सांगितलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायनाबाईनं तोवर टोपलीत हात घालून आतून फिरवला. “कपड्याले ही चालत नाई. आतून काड्या टोचतात, लुगडं अटकून फाटन. पुनम, सुऱ्या आन वं! तासून देऊ.”

हेमराजनं उन्हाकडे पाहिलं, मग नीलिमाकडे.

“थांबू,” ती म्हणाली. “पहाटेपर्यंत चंद्रपूर गाठलं म्हणजे झालं.” आणि तिनंही एक सुरी उचलली.

बायनाबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली. “हे तुमचं काम नाई, बोट कापून घ्यान. तुम्ही इथी बसा आन सांगा, ते लोक अजून काय काय ठेवतात माह्या टोपलीत.”