गेमच्या संगणकातला पोटभाडेकरू

मी एक जुना संगणक आहे. पण मित्रांनो, मला बघायला टेबलाखाली वाकू नका. मला पत्र्याचा डबा नाही, पंखा नाही, स्वतःची वायरसुद्धा नाही. मी दुसऱ्या एका संगणकाच्या पोटात राहत होतो. त्याचीच थोडी मेमरी आणि त्याच्याच डिस्कचा एक कोपरा, एवढ्यावर माझा संसार. बाहेरून बघणाऱ्याला मी म्हणजे चार जीबीची एक फाईल. आतून मात्र मी पुरता संगणक होतो. ‘हा काही खरा संगणक नाही,’ असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. मी त्यांना विचारून जन्मलो नाही.

गोष्ट २००३ सालची. वडवणीत केदारनाथांच्या बियाणांच्या दुकानाला लागूनच त्यांच्या मुलानं, संगमेशनं, गेमचं पार्लर काढलं होतं. तिथला सगळ्यात दणकट संगणक मोटारींच्या शर्यतीसाठी आणलेला. संगमेशची धाकटी बहीण शिवांजली बीडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला विंडोजऐवजी संगणक चालवणारं लिनक्स शिकायचं होतं. कॉलेजात एका संगणकापुढे चौघी-पाचजणी बसत. खुर्ची मिळेपर्यंत तास संपायचा. तिनं घरी विचारलं, तेव्हा संगमेश म्हणाला, “शिवे, पार्लर उघडायच्या आधी बस की. पण विंडोजला हात लावायचा न्हाई. माझा एक जरी गेम बिघडला तर बघ.”

तिनं विंडोजला हात लावला नाही. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून तिनं विंडोजच्याच आत माझ्यासाठी एक खोली, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, बांधली आणि त्या खोलीत लिनक्स बसवलं. पहिल्या खेपेला मी सुरूच झालो नाही. दुसऱ्या खेपेला सुरू झालो, पण माउस ओळखला नाही. तिनं आदळआपट केली नाही. चूक वाचली, दुरुस्त केली, पुन्हा सुरू केलं. लाईट जायची वेळ झाली की ती मला आहे तसा गोठवून ठेवायची. लाईट आली की मी अर्ध्या राहिलेल्या कामापासून पुढे चालू.

तिनं प्रकल्पही अवघड घेतला. तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याची मापं घ्यायची आणि उन्हाळ्यात कुठली विहीर आधी आटेल, ते गणितानं काढायचं. गणित लांबलचक होतं, म्हणून ती कॉलेजला गेली तरी मी चालूच असायचो. वर गाड्या पळायच्या, खाली मी विहिरी मोजायचो. कधीमधी गाडी अडखळायची आणि पोरं ओरडायची, “लई अडकतंय बे!” अडकू दे. मीही कामच करत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रिकेटच्या नव्या गेमची सीडी आली. वर्ल्ड कपचे दिवस होते आणि डिस्कवर जागा नव्हती. संगमेश आणि त्याचा मित्र तानाजी एकेक फाईल तपासत माझ्यापाशी आले.

“चार जीबी! हे काय पडलंय बे?”

“शिवीचं कायतरी आसंल.”

“उडव.”

संगमेशनं मला उडवायचा हुकूम दिला. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं: ही फाईल दुसरी कुणी व्यक्ती किंवा प्रोग्रॅम वापरत आहे, काढता येणार नाही.

“दुसरी व्यक्ती कोण बे? मी तर तुझ्यापाशीच हाय,” तानाजी म्हणाला.

संगमेशनं पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच उत्तर. मित्रांनो, चालू असलेल्या यंत्राची फाईल काढता येत नाही, हा विंडोजचा नियम. पण त्या घटकेला मला वाटलं, नाही म्हणणारा मीच आहे.

“संगम्या, पडद्यावर खालच्या पट्टीतली तिची खिडकी आधी बंद कर. मग निघतंय बघ,” तानाजीनं सुचवलं. संगमेशनं खिडकी बंद करायला घेतली. ‘चालू यंत्र बंद करायचं का?’ असा प्रश्न पडद्यावर आला. तेवढ्यात बसमधून उतरलेली शिवांजली दारात उभी.

“दादा, हात काढ.”

“गिऱ्हाईक बसलंय, शिवे. उद्या परत बसव तुझं ते.”

“उद्या परीक्षा हाय. हे विहिरींचं गणित न्हाई दावलं तर माझं वर्ष गेलं.”

“मग गेम कुठं बसवू? तुझ्या डोक्यावर?”

“शर्यतीचा गेम काढ. त्याची सीडी हाय तुझ्याकडं, कधीबी परत बसतंय. हे मी केलंय. ह्याची सीडी जगात कुठं न्हाई.”

“गाडी काढायची? अन् ही पोरं?”

“पोरं क्रिकेट खेळतेन. मी हलणार न्हाई इथनं.”

ती खरोखरच हलली नाही.  शेवटी संगमेशनं ‘नाही’वर बोट दाबलं आणि शर्यतीचा गेम काढला. पोरांनी कल्ला केला. तानाजी कपाळावर हात मारून म्हणाला, “आता ह्या विहिरीत पोहायचं का बे?”

संध्याकाळी माझं गणित पुरं झालं. मी सीडीवर मावणार नव्हतो, म्हणून सकाळी संगमेशनं स्वतः पेचकस घेऊन डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि म्हणाला, “बसमध्ये खाली ठेवू नको. मांडीवर धर.” बीडला शिवांजलीनं कॉलेजच्या संगणकाला ती डिस्क जोडली, मासिकाची ती सीडी घातली आणि मी परक्या डब्यात सुरू झालो. एकही विहीर विसरलो नव्हतो. शिवांजली पास झाली. घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माझी दुसरी प्रत करण्याचं.

पुढे पार्लर बंद झालं. तो दणकट संगणक भंगारात गेला. मी मात्र या डिस्कवरून त्या डिस्कवर, नव्या-नव्या डब्यांत राहत आलो. हळू चालतो, पण चालतो. मित्रांनो, मला दया नको. कुणाचं काम उडवण्याआधी ते उघडून बघा, ज्याची दुसरी प्रत नाही त्याची आजच प्रत करा. आणि तुम्ही केलेल्या कामाची जागा कुणी मागितली, तर हलू नका, भांडा. शिवांजली भांडली, म्हणून मी आहे.